भाटकरांनी छत्री बदलली

विनायक भाटकरांना गाडी चालवता येत नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर ह्या सगळ्यात माझं काय काम होतं, ते कळायचं नाही. ओमानात गाडीचा परवाना काढायचा म्हणजे लोखंडी पिंपांच्या मधून गाडी उलटी न्यावी लागते. पिंपाला लागली की घरी जा. भाटकरांनी त्या पिंपांना इतक्यांदा धडक दिली होती की त्यांना लांबून येताना बघूनच परीक्षा घेणारा पोलीस कपाळाला हात लावायचा.

"पुढे चालवायला मी कधी नाही म्हटलंय?" भाटकर आम्हाला विचारायचे. "मागे बघत मागे जायचं, हे आम्हा कोकणातल्या माणसांना उपजत येतं. पण तेच गाडीत बसून करायला सांगितलं की घोळ होतो."

त्यामुळे मस्कतच्या अल घुब्रा भागातली निम्मी मराठी घरं त्यांना आळीपाळीने गाडीतून न्यायची-आणायची. त्यात सगळ्यात जास्त मी, कारण समोरच्याच इमारतीत राहायचो. एका बांधकाम कंपनीच्या खरेदी खात्यात नोकरी करायचो आणि उरलेला सगळा जीव मराठी मंडळाच्या नाटकात ओतायचो. वेळेशिवाय गुंतवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. म्हणून मी भाटकरांचा गिऱ्हाईक कधी झालो नाही, सारथी झालो. आता हे सारथ्य आठवायला लागलं की मला आधी हसू येतं. मग पुढचं आठवतं.

भाटकर आर्थिक सल्लागार होते. आम्ही पगारदार माणसं महिनाअखेरी जे काही मागे टाकायचो, ते कुठे ठेवायचं, मुलांच्या शिक्षणाला काय, परत गेल्यावर म्हातारपणाला काय, हे सांगायचं त्यांचं काम. असे सल्लागार आखातात पैशाला पासरी. अत्तर लावलेले, हसतमुख, पहिल्याच भेटीत तुमच्या पोरांची नावं पाठ करणारे. भाटकर ठेंगणे, पोट सुटलेले, अर्ध्या बाह्यांच्या शर्टावर टाय लावणारे. गिऱ्हाइकाच्या दाराशी आले की टाय काढून खिशात कोंबायचे. "हा कंपनीचा," म्हणायचे, "घरात माझा मी जातो."

त्यांचा एक नियम होता. पहिल्या भेटीत सही नाही. दुसऱ्या भेटीत सही, पण बायकोसमोर. एकदा नागपूरचा एक इंजिनिअर फारच घाईला आला होता. बायको नागपुरात, हा इथे एकटा. भाटकरांनी तिला फोन लावायला लावला, स्पीकरवर. योजना नीट समजावून सांगितली. पलीकडून बाई म्हणाली, "ते सगळं ठीक आहे हो, पण आधी ह्यांना म्हणावं इथला फ्रिज बदला. उन्हाळाभर माझं दूध शेजारणीकडे ठेवतेय मी."

भाटकरांनी पेनाला टोपण लावलं.

"फ्रिज," ते म्हणाले.

"अहो, पण साहेब, आपली योजना?"

"हीच आपली योजना."

आणि उठलेच. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "भाटकर, अशाने तुमचं कमिशन फ्रिजवाला खाणार."

"खाऊ दे रे. पुढच्या वर्षी ती बाईच त्याला माझ्याकडे पाठवते की नाही बघ."

आणि पाठवला हो तिने! असाच त्यांचा गोतावळा वाढत गेला. अमक्याच्या वहिनींनी तमक्याच्या वहिनींना सांगायचं, आणि भाटकर तिथे भजी खायला हजर. प्रधानांचं घर त्यातलं खास. प्रधान एका तेल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, बोलणं तिरकस, पण मुलीच्या शाळेपासून पुण्यातल्या फ्लॅटपर्यंत भाटकरांना विचारल्याशिवाय पान हलायचं नाही.

मग, २०१४च्या आसपास, भाटकरांच्या कंपनीत दुबईहून नवा मॅनेजर आला. त्याने येताना एक योजना आणली. पंचवीस वर्षांची. आत शिरताना गालिचा, आणि मधेच बाहेर पडायचं म्हटलं तर जवळजवळ सगळं तिथेच सोडून यायचं. फर्मान निघालं, की सगळ्यांना हीच विका, दुसरं काही दाखवूच नका. त्या दिवशी रुवीतल्या ऑफिसातून घुब्राला परतताना भाटकर माझ्या शेजारी बसले होते. आमच्या चौकात आल्यावर म्हणाले, "छत्री बदलावी लागणार."

हे छत्रीचं सांगायला हवं. सल्लागाराला स्वतःच्या नावावर धंदा करता येत नाही. सरकारी परवाना असतो तो कंपनीला, आणि सल्लागाराने त्या परवान्याच्या छत्रीखाली उभं राहायचं. छत्री गळकी निघाली तर दुसरी शोधायची. पण शोधायची कशी? सगळ्या कंपन्यांची दारं काचेची, सगळीकडे खजूर, सगळीकडे कॉफी.

"येताना सगळेच सरबत देतात," भाटकर म्हणाले. "जाणाऱ्याला चपला कोण शोधून देतो, ते बघायचं. तू नट आहेस ना?"

इथे माझा प्रवेश. भाटकरांच्या आग्रहावरून मी मस्कतमधल्या कंपन्यांमध्ये गुंतवणूकदार म्हणून जायचं. माझे तुमच्याकडे पैसे नाहीत, दुसरीकडे आहेत, तुमच्याकडे आणीन म्हणतो. पण समजा, मधेच अडचण आली आणि काढून घ्यायचे झाले, तर? एवढा एकच प्रश्न. भाटकर माझे मेहुणे म्हणून शेजारी बसणार. अहो, काय त्या भूमिका केल्या मी! एका ठिकाणी मी सुखवस्तू होतो, दुसरीकडे गांजलेला.

पहिल्या ऑफिसातल्या तरुणाचं हसू माझा प्रश्न ऐकल्यावर एसी बंद पडावा तसं थांबलं. "सर, असा निगेटिव्ह विचार कशाला करायचा?" भाटकरांनी माझ्या दंडाला धरून मला उठवलं. दुसऱ्या ऑफिसात एक गृहस्थ इतके गोड बोलले, की अडचण येणारच नाही अशी माझी खात्री पटली, आणि मी सही करायला खिशातलं पेन काढलं. खोटा गुंतवणूकदार, खोटी अडचण, आणि सही मात्र खरी होणार होती! भाटकरांनी टेबलाखालून माझा पाय असा चेचला की मी दोन दिवस लंगडत होतो.

शेवटची कंपनी अल खौदला, विद्यापीठाच्या वाटेवर, एका स्टेशनरीच्या दुकानाच्या वर. लहानसं ऑफिस. तिथली प्रमुख बद्रिया नावाची ओमानी बाई, काळ्या अबायातली, चाळिशीची, मुंबईत शिकलेली. त्यामुळे हिंदी झकास. माझा प्रश्न ऐकून तिने कागद पुढे ओढला, पहिल्या वर्षी बाहेर पडलात तर एवढं कापलं जाईल, पाचव्या वर्षी एवढं, असं स्वच्छ लिहून दाखवलं. मग पेन ठेवलं आणि म्हणाली, "घर में कोई बीमार है क्या?"

मी रंगात आलो होतो. आई आजारी, बहिणीचं लग्न, असं काय काय सांगत सुटलो. बाईने खजुराचं ताट पुढे सरकवलं. शेवटी भाटकरच न राहवून म्हणाले, "मॅडम, माफ करना. ये आदमी नाटक करता है. और अच्छा नहीं करता."

"मालूम है," बद्रिया म्हणाली. "जिसको सच में तकलीफ है, वो इतना खजूर नहीं खाता."

खाली येईपर्यंत भाटकर हसत होते. जिन्यात थांबून डोळे पुसले आणि म्हणाले, "हीच छत्री."

आता अडचण एकच राहिली. त्या दिवसांत ओमानात नोकरी बदलायची तर जुन्या मालकाचं ना-हरकत पत्र लागायचं. ते नसेल तर देश सोडा आणि दोन वर्षं परत येऊ नका. नवा मॅनेजर पत्र देईना. म्हणाला, आधी लिहून द्या, की आमचं एकही गिऱ्हाईक नेणार नाही. भाटकर म्हणाले, गिऱ्हाईक काय बकरी आहे, मी दावं धरून न्यायला? मग ते थेट मालकाकडे निघाले. सारथी अर्थातच मी.

मालक सालेम, मस्कतबाहेर बरका गावात राहणारे, थकलेले गृहस्थ. भाटकर त्यांना अर्बाब, म्हणजे मालक, म्हणत आणि ते ह्यांना नुसतं 'बाटकर'. त्यांच्या बैठकीत आम्ही मांडी घालून बसलो. हलवा झाला, कहवा झाला, दोघांच्या गुडघेदुखीवर बरीच चर्चा झाली. मग अर्बाब म्हणाले, "मॅनेजर कागज मांगता. मेरे को कागज नहीं चाहिए. तुम जबान दो."

भाटकरांनी वेळ घेतला. हा माणूस शब्द द्यायच्या आधी तो तोंडात घोळवून बघायचा. मग म्हणाले, "अर्बाब, मैं किसी को फोन नहीं करूँगा. मैं खुद से बात भी नहीं निकालूँगा, इधर क्या हुआ, मैं क्यों गया, कुछ नहीं. कोई अपने आप पूछने आया, तो उसको ना नहीं बोलूँगा."

"अपने आप आया तो अल्ला का मर्जी," अर्बाब म्हणाले, आणि पत्रावर सही केली. दाराशी त्यांनी भाटकरांच्या खांद्याला खांदा लावला आणि बराच वेळ हात सोडला नाही.

परतताना मी चिडलो होतो. "हा कसला शब्द दिलात? निदान लोकांना सांगायचं तरी, की मी अमुक कारणासाठी गेलो!"

"त्याच्या घराची अब्रू मी घरोघर जाऊन सांगू? वीस वर्षं मीठ खाल्लंय त्याचं." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आणि सांगायला कशाला हवं? येतील रे. मी दिसलो नाही की आपण होऊन विचारत येतील. आपली माणसं आहेत."

अर्बाब पुढच्याच आठवड्यात उपचाराला बँकॉकला गेले, आणि ते गेल्यावर मॅनेजरने आपला डाव टाकला.

आखातातल्या वर्तमानपत्रांत एक रिवाज होता. कोणी नोकरी सोडली, की कंपनी त्याच्या पासपोर्टवरच्या फोटोसह सूचना छापायची. सदर व्यक्ती आता आमच्या सेवेत नाही, तिच्याशी केलेल्या व्यवहाराला आम्ही जबाबदार नाही. रीतसर गेलेल्याचीही छापायचे आणि पैसे घेऊन पळालेल्याचीही. मजकूर तोच, चौकट तीच. वाचणारा मात्र पळालाच असं धरून चालायचा. पूर्वी अशा सूचना बघून आम्हीसुद्धा चहा पिता पिता म्हणायचो, "आणखी एक गेला वाटतं!"

भाटकरांची सूचना छापून आली त्या सकाळी ते पेपर घेऊन माझ्याकडे आले. मला वाटलं, संतापले असतील. ते फोटो निरखत होते.

"लग्नाआधीचा आहे रे हा. मिशी बघ." पेपर माझ्यासमोर धरून म्हणाले, "ह्याच फोटोवर सासऱ्यांनी मुलगी दिली होती. आता ह्याच फोटोवर गिऱ्हाइकं जाणार."

"अर्बाबला फोन करा."

"आजारी माणसाला? काय सांगू, माझा फोटो वाईट आलाय?"

अर्बाब परत आलेच नाहीत. गेल्याची बातमी आली तेव्हा भाटकर बरकाला जाऊन त्यांच्या मुलांजवळ बसून आले. आणि अर्बाबना दिलेला शब्द त्यानंतर जास्तच पक्का झाला. जिवंत माणसाकडून शब्द सोडवून तरी घेता येतो.

त्या संक्रांतीला मंडळाच्या हळदीकुंकवाला भाटकर सपत्नीक आले. मी बघत होतो. सगळ्यांनी तिळगूळ दिला. सगळे गोड बोलले. घुब्राच्या शाळेतल्या प्रवेशांवर बोलले, भेंडीच्या भावावर बोलले. ती सूचना मात्र कोणी काढली नाही. असल्या गोष्टी तोंडावर विचारायच्या नसतात, ही आपली शालीनता! पाठीमागे विचारायला हरकत नसते. स्वयंपाकघराच्या बाजूला मी माझ्या कानांनी ऐकलं, "बाई गं, आणि किती साधे दिसायचे."

प्रधान तेवढे जवळ गेले. "काय भाटकर, सध्या मुक्काम कुठे?"

"अल खौद. या ना कधी."

"येऊ की," प्रधान म्हणाले, आणि वडीकडे वळले.

मी गप्प बसणाऱ्यांतला नव्हे. शब्द भाटकरांनी दिला होता, मी नाही. मी प्रधानांना कोपऱ्यात गाठून सगळं सांगितलं: दुबईचा मॅनेजर, पंचवीस वर्षांची योजना, अल खौदची बाई, खजूर, बरकाची बैठक. रंगवून सांगितलं, मला दुसरं येतच नाही. प्रधानांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि टाळी द्यायला हात पुढे केला. "फर्स्ट क्लास! पुढच्या गणपतीत बसवा हे. आजारी अर्बाब कोण करणार?"

आयुष्यभर लोकांनी माझ्या थापा हौसेने खऱ्या मानल्या होत्या. एकदाच मी खरं सांगितलं, आणि त्याला प्रयोग मिळाला.

भाटकर अल खौदला रोज वेळेवर जायचे. मी कधी कधी त्यांना सोडायला गेलो की वर डोकावायचो. फाइली नीट लावलेल्या, खिडकी रस्त्याच्या बाजूची. खाली गाडी थांबली की भाटकर सावरून बसायचे. वर यायचे ते विद्यापीठातले विद्यार्थी, झेरॉक्स कुठे मिळेल विचारायला. त्यांना ते बसवायचे, पहिल्या पगारातून काय बाजूला ठेवावं ते सांगायचे, आणि खालच्या दुकानात पाठवायचे.

"भाटकर, एक फोन करा. प्रधानांना तरी."

"नाही."

"अहो, ते त्या मॅनेजरकडे सही करून बसतील!"

भाटकरांनी टेबलावरचा पेपरवेट उचलून दुसऱ्या जागी ठेवला, मग पुन्हा पहिल्या जागी. प्रधानांनी सही केली होती. मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. पहिल्याच भेटीत, ऑफिसात, वहिनी घरी असताना.

बद्रियाने त्यांना वर्षभर सांभाळून घेतलं. मग कंपनीने सलालाहला शाखा काढली, तेव्हा तिने विचारलं आणि भाटकर गेले. तिथे त्यांना कोणी ओळखत नव्हतं, हाच मोठा फायदा. शाळेतले मास्तर, बंदरावरचे मल्याळी कारकून, नारळाच्या बागांचे ओमानी मालक, अशी नवी माणसं त्यांनी शून्यापासून जोडली. मस्कतमध्ये त्यांचं नाव हळूहळू कोणी काढेनासं झालं.

मग तेलाच्या पडलेल्या भावापायी नोकऱ्या जायला लागल्या. एके दिवशी प्रधान माझ्या दारात उभे. तिरकस माणूस सरळ बोलायला लागला की भीती वाटते. त्यांची नोकरी गेली होती. मुलगी कॉलेजात. पंचवीस वर्षांच्या योजनेतून पैसे काढायला गेले, तर मॅनेजरने कापायच्या रकमेचा आकडा दाखवला. "भाटकर कुठे असतात हो?" त्यांनी विचारलं.

आम्ही गाडीने गेलो. मस्कत ते सलालाह म्हणजे दिवसभर दोन्ही बाजूंना सपाट वाळवंट. प्रधान सबंध वाटेत मांडीवरच्या फाइलवर हात ठेवून बसले होते. शेवटी डोंगर चढलो आणि अचानक धुकं, हिरवळ, बारीक भुरभुर. मस्कत भाजून निघत असताना इथे ऐन ऑगस्टात अंगावर काटा आणणारा गारवा.

भाटकर आता बरेच पिकले होते. दारात आम्हाला बघून उठले.

"या प्रधान. आपण होऊन आलात?"

"आपण होऊन."

"मग बसा."

त्यांनी फाइल घेतली आणि पानन् पान वाचलं. एकदाही 'बघा, शेवटी आलातच' असा चेहरा केला नाही. मग म्हणाले, "मोडू नका. आता मोडलंत तर हातात काही येत नाही. हप्ता थांबवायचा अर्ज करू. गेलं त्यातलं बरंचसं गेलंच, प्रधान. उरलंय तेवढं वाचवू." आणि अर्जाचा मसुदा लिहायला बसले.

प्रधान त्यांच्या पेनाकडे बघत होते. अचानक म्हणाले, "भाटकर, तेव्हा तुम्ही एक फोन करायचा होतात. फक्त एक. मी ऐकलं असतं."

"करायचा नाही असा शब्द दिला होता."

"पण ते आम्हाला काय माहीत?"

भाटकरांनी लिहिणं थांबवलं. "मी सांगायचं नाही, असा शब्द मी दिला होता. तुम्ही विचारायचं नाही, असा शब्द तुम्ही कोणाला दिला होतात?"

आवाजात राग नव्हता. खरोखर उत्तर हवं असल्यासारखे ते थांबले होते. प्रधान पुन्हा पेनाकडे बघायला लागले. कोणी संवाद विसरला की विंगेतून शब्द पुरवायची मला जन्माची सवय. पण तिथे मलाही काही सुचलं नाही. भाटकर पुन्हा लिहायला लागले.

निघताना ते खाली गाडीपर्यंत आले. प्रधानांच्या खिडकीशी वाकून म्हणाले, "आता त्या कंपनीचा फोन येईल. गोड बोलतील. 'विचारून सांगतो' म्हणायचं."

"कोणाला विचारून?"

"मला. आणखी कोणाला?"

प्रधानांनी मान हलवली आणि काच वर केली. पुढच्या वर्षी भाटकर ओमान सोडून गावी गेले. त्या भेटीनंतर मी त्यांना पाहिलं नाही.

त्या दिवशी मी गाडी सुरू केली. ते समोरच पायरीवर उभे होते, भुरभुरीत. चष्म्यावर पाणी साचलं होतं, तो त्यांनी शर्टाच्या टोकाला पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. मला वाटलं आता हात हलवतील, म्हणून मी माझा वर केला. पण ते आमच्याकडे बघत नव्हते. मान उंच करून, आमच्या गाडीच्या टपावरून, ज्या रस्त्याने आम्ही आलो होतो तिकडे ते बघत होते, मागून आणखी कोणी येतंय का ते.